पुढच्या बार्बारेला

आमच्या खोऱ्यात कुणी 'रेझ्का' म्हटलं की आधी विचारावं लागायचं, कुठली? बाई की बोगदा? रेझ्का थंड पडलीय म्हणजे काम थांबलंय. रेझ्का महाग पडतेय म्हणजे पेपरात पुन्हा काहीतरी छापून आलंय. खरी रेझ्का शाळेच्या स्वयंपाकघरात डाव घेऊन उभी असायची, आणि दुकानात कुणी असलं काही बोललं की तिथूनच ओरडायची, "माझं नाव घेताय तर टोपी काढा रे!"

डोंगर फोडणाऱ्यांची आमच्याकडे रीतच तशी आहे. काम चालू असेपर्यंत बोगद्याला एका बाईचं नाव द्यायचं, आणि ती बाई त्याची बोत्रा. बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाला हातात धरते ना, ती धर्माची आई, ती बोत्रा. खाणकऱ्यांची राखण करणारी संत बार्बारा वर स्वर्गात, आणि तिच्या जागी खाली ही. डिसेंबरात बार्बारेचा सण असतो. त्या दिवशी डोंगराला हात लावायचा नाही. बोत्राने बोगद्याच्या तोंडाशी मूर्तीपुढे मेणबत्ती लावायची, मग आतच लांब टेबलं मांडून सगळ्यांनी जेवायचं. बोगदा आरपार झाला की पहिलं पाऊल पलीकडे टाकायचा मानही तिचाच. तोवर तिने खोरं सोडून दुसरीकडे राहायला जायचं नाही. असा काही कायदा नाही, पण बोत्रा गेली की डोंगर खाली बसतो असं प्रत्येक खाणकरी मानतो, आणि जो मानत नाही तोही उगाच परीक्षा कशाला म्हणून गप्प बसतो.

इतर ठिकाणी मंत्र्याची बायको नाहीतर टीव्हीवरची कुणीतरी बोत्रा होते. आमच्याकडे पाद्रीबाबांनी रेझ्काचं नाव सुचवलं, कारण अख्ख्या गावातली पोरं तिच्या हातचं खाऊन मोठी झाली होती. तिचा नवरा सिरिल माझा शाळेपासूनचा दोस्त. सुतार होता, हाताचा पक्का आणि जिभेचा तिखट. पहिला सुरुंग उडाला त्या दिवशी मला म्हणतो, "गाश्पर, बायकोला लग्नात साधी अंगठी दिली मी. या लोकांनी डोंगर दिला. आता माझी काय किंमत राहिली घरात?"

"आधी तरी कुठे होती?" मी म्हटलं.

मी घाटात बर्फ काढायची गाडी चालवायचो. आमच्या खोऱ्याच्या आणि लोझिना शहराच्या मध्ये ओस्त्रा डोंगर आहे. उन्हाळ्यात घाटाने तासाभरात लोझिना. एकदा हिमकडे कोसळायला लागले की घाट बंद, मग वसंतापर्यंत खालून वळसा, त्यात अर्धा दिवस जातो. म्हणून तर बोगदा. तोंडाशी ही मोठी पाटी लावली होती त्यांनी: तिसऱ्या बार्बारेला वाहतूक सुरू. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, माझी नोकरी गेली म्हणून समज. तिने नेहमीप्रमाणे लक्ष दिलं नाही, आणि तिचंच बरोबर निघालं.

दुसऱ्या वर्षी सिरिलची किडनी गेली. दोन्ही. लोझिनाच्या इस्पितळात आठवड्यातून तीनदा डायलिसिस. उन्हाळ्यात तो स्वतः गाडी चालवत जाऊन यायचा. हिवाळ्याचं काय, हा प्रश्न होता. त्याची बहीण ल्युबा लोझिनात राहायची, तिच्या घरात खालच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. ती म्हणाली, दोघंही या, कायमचे या, तुमचंच घर आहे. म्हणजे गाई विकायच्या, शाळेची नोकरी सोडायची, घराला कुलूप लावायचं. आणि बोत्राने खोरं सोडायचं, तेही होतंच. पण रेझ्का त्यालाही तयार होती. मला म्हणाली, "डोंगर बसला तर बसला. माझा नवरा तिकडे एकटा नाही राहणार."

पण बोगदा लवकर होणार असेल तर घर मोडायचं कशाला? आता हे ज्याला विचारायचं तो माणूस म्हणजे विंको. बोगद्याचा मुख्य इंजिनियर. तेव्हा तिशीचा असेल, सरळ, लाजरा, आई लहानपणी गेलेली. दर रविवारी रेझ्काकडे जेवायला. ती त्याला वाढायची, रागवायची, त्याच्या शर्टाची बटणं लावून द्यायची. त्या रविवारी मीही होतो. रेझ्काने ताटं मांडली आणि बसायच्या आधी विचारलं, "विंको, मला पेपरातलं नको. तुझ्या मनातलं सांग. गाई ठेवू की विकू?"

विंकोने तिच्याकडे पाहिलं, मग सिरिलकडे. सिरिल तेव्हा अगदी पिवळा पडला होता. विंको म्हणाला, "दोन हिवाळे, बोत्रा. फार तर दोन. त्याच्या पुढच्या बार्बारेला तुम्ही पलीकडे जेवायला जाल आणि संध्याकाळी घरी याल."

"दोन हिवाळे तर मी तुरुंगातसुद्धा काढीन," सिरिल म्हणाला.

"तुला तुरुंगात ठेवील कोण? दोन दिवसांत वैतागून सोडून देतील," रेझ्का म्हणाली. पण तिचा चेहरा इतका सैलावला होता की काय सांगू! तिने उठून विंकोला आणखी वाढलं. आणि गाई राहिल्या.

सिरिलने लोझिनात इस्पितळाजवळ एक खोली घेतली, फक्त हिवाळ्यापुरती. ल्युबाने त्या दोन खोल्या दुसऱ्या कुटुंबाला दिल्या. तिचं काही चुकलं नाही, रिकाम्या किती दिवस ठेवणार? बर्फ पडायला लागलं की मी सिरिलला शेवटच्या खेपेला घाटापार सोडायचो. एक बॅग घेऊन जायचा. वसंतात घाट उघडला की मीच आणायचो.

ते दोन हिवाळे गेले. मग आणखी दोन. मग मोजायचं सोडलं.

लोक विचारतात, घोडं पेंड कुठे खात होतं? अरे, एका ठिकाणी खात असतं तर काढता आलं असतं! आधी खडक. नकाशात घट्ट चुनखडी दाखवली होती, आत निघाला भुसभुशीत काळा दगड. हाताने चुरा व्हायचा. मग सरकार बदललं. नव्या मंत्र्याला वाटलं की अपघात झाला तर बाहेर पडायला शेजारी दुसरा लहान बोगदा हवा. चांगलीच गोष्ट आहे, नको कोण म्हणेल? पण त्यासाठी नवीन आराखडा, नवीन निविदा, आणि ज्याला काम मिळालं नाही तो कोर्टात. कोर्टाचं भिजत घोंगडं वाळेपर्यंत पलीकडून खणणारी कंपनी बुडाली. तिची यंत्रं बँकेने उचलून नेली. इकडचे तिकडच्यांसाठी थांबले, तिकडचे परवानगीसाठी, परवानगीवाले मंत्र्यासाठी, आणि मंत्री निवडणुकीसाठी.

आणि हे सगळं होत असताना तारीख मात्र रोज तयार! तीही कुठली? बार्बारेची. मार्चमध्ये होईल, ऑगस्टमध्ये होईल, असं कुणाच्या तोंडून कधी आलं नाही. सणाचा दिवस, मंत्री येणार, बँड वाजणार, म्हणून प्रत्येक तारीख बार्बारेलाच. ती हुकली की सरळ पुढची बार्बारा. दर डिसेंबरात टेबलाच्या डोक्याशी कुणीतरी साहेब पेला घेऊन उभा राहायचा आणि म्हणायचा, "पुढच्या बार्बारेला आपण पलीकडे!" आणि आम्ही सगळे टाळ्या वाजवायचो. मीसुद्धा. समोर गरम रिचेट असतं, जव, घेवडा आणि धुरातलं मांस घालून रेझ्काने केलेलं, हातात दारू असते, त्या वेळी कोण म्हणणार की साहेब, तुम्ही थापा मारताय?

एकदा विंको माझ्या बर्फगाडीच्या शेडमध्ये येऊन बसला होता. मी त्याला विचारलं, "तुम्ही बसून ठरवता तरी कसं रे? फासे टाकता का?"

तो म्हणाला, "मी पाच म्हणतो, गाश्परकाका. वरचा साहेब म्हणतो, पाच लिहिलं तर पैसे मंजूर होणार नाहीत, चार लिही. त्याचा साहेब मंत्रालयात तीन सांगतो. मंत्री टीव्हीवर दोन सांगतो. खोटं कुणीच बोलत नाही, प्रत्येक जण थोडंसंच काढतो."

"आणि तुझे पाच तरी खरे असतात का?"

"नाही. मी कामाचे दिवस धरतो. यंत्र मोडायचे, माणसं आजारी पडायचे, कागद हरवायचे दिवस धरत नाही. एकेक गोष्ट धरली तर होईलच असं नसतं ना. पण त्या शंभर आहेत."

"मग याआधीचा बोगदा केलास तो किती लांबला?"

"दुपटीहून जास्त."

"मग हा पण दुप्पट धर की!"

"हा वेगळा आहे," तो म्हणाला, आणि अगदी मनापासून म्हणाला.

मला हसू आलं, पण कुठल्या तोंडाने हसणार? आमच्या गोठ्याचं छप्पर मी दोन रविवारांत करतो असं बायकोला सांगितलं होतं. छप्पर अजून अर्धंच होतं, आणि तिने मोठ्या मुलासाठी विणायला घेतलेला स्वेटर शेवटी नातवाला आला.

मग ती ओली बार्बारा. त्या वर्षी खरोखरच थोडंसं राहिलं होतं. दोन्हीकडचे सुरुंग एकमेकांना ऐकू यायचे. साहेबांनी ठरवलं, काहीही करा, बार्बारेच्या दिवशी आरपार. सणाला डोंगराला हात लावायचा नाही ही रीत, तर म्हणे आदल्या दिवशी फोडू आणि सणाला मिरवू. आता खणताना रोज आधी पुढे लांब भोक पाडून पाहतात, पाणी आहे का, पोकळी आहे का. त्यात वेळ जातो. शरदात ते भोक पाडणं त्यांनी बंद केलं. विंकोने विरोध केला असं तो म्हणतो, आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवतो, पण विरोध करून त्याने सही केलीच. सणाला आठवडा असताना डोंगराच्या पोटातलं पाणी फुटलं. माणसं वाचली, बार्बारेची कृपा. यंत्र आत गाडलं गेलं. बोगद्याच्या तोंडातून काळा चिखल असा आला की संत बार्बारेची मूर्ती कमरेपर्यंत त्यात उभी. एक दिवस वाचवायला गेले आणि दोन वर्षं चिखल उपसत बसले.

त्या रविवारी विंको रेझ्काकडे आला तेव्हा मी लाकडं टाकायला गेलो होतो. तो दारातच उभा. रेझ्काने त्याला ओढून आत घेतलं, सूप दिलं आणि एवढंच विचारलं, "आता?"

"दोन हिवाळे, बोत्रा."

"नक्की ना? ल्युबाच्या वरच्या मजल्यावर एक खोली आहे म्हणे. लहान आहे, पण दोघांना पुरेल."

"कशाला उगाच ऐन वेळेला मोडता घर?" विंको म्हणाला. "एवढं काढलंत, आता थोडक्यासाठी धीर सोडू नका."

तिने धीर सोडला नाही. मला त्या वेळी विंकोचं कौतुक वाटलं होतं, पोरगा किती माया करतो म्हणून.

सिरिल मात्र हिवाळ्या-हिवाळ्याने झिजत गेला. वसंतात आणायला जायचो तेव्हा दर वेळी त्याची बॅग मी उचलायचो, आणि दर वेळी तो मला शिव्या घालायचा. फोनवर दोघं रोज भांडायची. गाय व्याली, त्याने गोळी घेतली नाही, तिने छपरावरचं बर्फ काढलं नाही, असलं काहीतरी. रेझ्का फोन ठेवून डोळे पुसायची आणि म्हणायची, "म्हातारा चिडका झालाय. घरी येऊ दे, बघते त्याला."

फेब्रुवारीत इस्पितळातून फोन आला. घाट बंद होता. मी वरच्या अधिकाऱ्याला विचारलं, गाडी काढू का? तो म्हणाला, गाश्पर, वर हिमकडे लोंबतायत, तू मरशील आणि तिलाही मारशील. खरं होतं ते. मग मी तिला माझ्या गाडीतून खालच्या वळशाने नेलं. आम्ही पोचलो तेव्हा सिरिल गेला होता. शेजारच्या खाटेवरच्या माणसाने सांगितलं, शुद्धीत होता, घाट उघडला का विचारत होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याची खोली रिकामी करायला गेलो. इतक्या वर्षांत मी कधी आत गेलो नव्हतो, दारातूनच बॅग द्यायचो. भिंतीवर एक खिळा नाही. कपडे खुर्चीवर. टेबलाचा एक पाय आखूड, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. सिरिलच्या खोलीत डगमगणारं टेबल! अख्ख्या खोऱ्यातल्या खिडक्या-दारं ज्याने बसवली त्या माणसाच्या! रेझ्काने टेबलाला हात लावला, ते हललं. "याला पाच मिनिटांचं काम होतं," ती म्हणाली. मग खाटेवर बसली. "पण शेवटचाच हिवाळा होता ना त्याचा. दर वर्षी. कशाला कोण खिळा ठोकतंय शेवटच्या हिवाळ्याला?" आणि ती अशी रडली की घरमालकीण जिन्यावर धावत आली. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. मलाही आवरत नव्हतं.

बोगदा आरपार झाला तो ऑगस्टमध्ये. कुठलाही सण नाही, बुधवार होता, मंत्री सुट्टीवर. खाणकरी अडून बसले, बोत्रा आल्याशिवाय आम्ही भोकातून पाय टाकणार नाही. मला वाटलं, ही हाकलून देणार त्यांना. पण ती आली, काळ्या कपड्यांत. त्यांनी तिला हात दिला, ती भोकातून पलीकडे उतरली, पलीकडच्यांनी टोप्या काढल्या. बँड नव्हता, एकाने माउथ ऑर्गन वाजवला. मग टेबलं मांडली आणि रेझ्कानेच आणलेलं रिचेट वाढलं गेलं. इतक्या माणसांना उपाशी ठेवणं तिला जमणारच नव्हतं.

विंको तिच्यासमोर बसला होता. त्याचे केस पांढरे झाले होते, तेही मला त्या दिवशीच दिसलं. त्याने चमचा उचलला नाही. म्हणाला, "बोत्रा, एक वर्ष आधी झालं असतं तर..."

"ते सोड," रेझ्का म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "मला एक सांग. त्या पहिल्या रविवारी, मी गाईंचं विचारलं तेव्हा, तुझ्या मनात किती होते?"

मी विंकोला पायाने ढोसलं, बोल ना बाबा.

"दहा," तो म्हणाला. "कदाचित जास्त. पण सिरिलकाका समोर बसले होते. तुम्ही दोघं माझ्याकडे असे बघत होता. दहा ऐकलं असतं तर तुमचा धीर सुटला असता."

"सुटला असता," रेझ्का म्हणाली. "रात्रभर रडले असते. सकाळी उठून गाई विकल्या असत्या आणि त्याच्याजवळ राहायला गेले असते. दहा वर्षं, विंको. एका घरात, एका खाटेवर." तिने त्याच्या ताटात डाव रिकामा केला, नेहमी करायची तसाच. "तू मला धीर देत राहिलास, आणि मी इकडे बसून राहिले."

विंको रडायला लागला. तिने त्याला गप्प केलं नाही. पुढच्या टेबलावरची माणसं ताटं पुढे करून थांबली होती, ती उठली आणि त्यांना वाढायला गेली.